चित्र पाहा आणि तात्पर्य लिहा

मराठी मुलखातली सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, असे मला कुणी विचारले तर मी बेधडक सांगेन, केळ्याची साल. वास्तविक सालीवरून घसरून पडलेला माणूस मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमच्या सीवूड्समध्ये माणसे घसरतात ती पावसाळ्यात, सोसायटीच्या लॉबीतल्या गुळगुळीत फरशीवरून. पण प्राथमिक शाळेच्या चित्रकथेत एक आजोबा वर्षानुवर्षे सालीवरून पडत आले आहेत. चौकट पहिली : मुलगा केळे खातो. दुसरी : साल रस्त्यावर, समोरून आजोबा. तिसरी : आजोबा आडवे. चौथी : मुलगा कान धरून उभा, साल कचरापेटीत. बाजूला शब्द दिलेले : केळे, साल, आजोबा, घसरणे, पश्चात्ताप. आणि तळाशी एक रिकामी ओळ, 'तात्पर्य'.

आता तुम्हीच सांगा, यात मुलाने लिहायचे काय? स्वयंपाक झालेला, पाने वाढलेली, उदबत्तीसुद्धा लावलेली, आणि मुलाला म्हणायचे, 'हं बाळ, कर बघू स्वयंपाक!' बाळ बिचारे 'एकदा काय झाले', 'मग', 'नंतर' आणि 'शेवटी' एवढे चार चमचे ठेवते आणि हात धुते. याला आपण कथालेखन म्हणतो.

आमच्या वेळी चौकटी नव्हत्या. एकच चित्र असे, बहुधा बागेचे. 'हे बागेचे चित्र आहे. बागेत झाडे आहेत. मुले खेळत आहेत.' अशी दहा वाक्ये झाली की सुटलो. बाकावर एक म्हातारेबुवा एकटेच बसलेले असत. ते कुणाची वाट पाहत आहेत, हे कुठल्याही परीक्षकाने कधी विचारले नाही. आम्हीही 'बाकावर आजोबा आहेत' असे लिहून अर्धा गुण घेतला. अर्धा गुण मिळाल्यावर कोण कशाला चौकशी करतो!

चित्रांवरून शिकवायची ही युक्ती काही शिक्षण खात्याने काल काढलेली नाही. कोमेनिअस नावाच्या मास्तरांनी १६५८ साली 'ऑर्बिस पिक्टुस' हे मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक छापले. पण त्यांचा हेतू सरळ होता. चित्रातली वस्तू दाखवून तिचे नाव शिकवायचे, आणि जाता जाता लॅटिन. सुतार दिसला, सुतार म्हणा. सुताराची गोष्ट सांगा, असा आग्रह नव्हता. आपण आग्रह धरला गोष्टीचा, पण चित्र मात्र नावे शिकवण्याचेच ठेवले.

आमच्या मजल्यावर तिसरीतली एक मुलगी आहे. तिला हीच सालीची चित्रकथा आली होती. दहापैकी तीन गुण, आणि लाल शेरा : 'विषय सोडून लिहिले आहे.' मी वही वाचली. दुसऱ्या चौकटीत आजोबांच्या हातात पिशवी होती. चौथ्या चौकटीत ती नव्हती. चित्रकार काढायला विसरला असणार, दुसरे काय! पण पोरीने तेवढेच पाहिले होते. मग पिशवीत काय होते (आजीची औषधे आणि दोन पेरू), ती कुणी उचलली, आणि आजोबा आजीला काय सांगणार, अशी दीड पान गोष्ट. मुलगा, पश्चात्ताप, कचरापेटी, सगळे गायब. तात्पर्याच्या ओळीवर लिहिले होते, 'पेरू सापडले नाहीत.'

मला विचाराल तर त्या चारही चौकटींत गोष्ट होती ती तेवढीच.

अमेरिकेतल्या क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या चित्रकाराने १९८४ साली याच मुद्द्यावर एक अख्खे पुस्तक काढले. हॅरिस बर्डिक नावाचा कुणी गृहस्थ प्रकाशकाकडे चित्रे ठेवून नाहीसा झाला, अशी थाप मारून त्याने चौदा चित्रे छापली. प्रत्येकाला एक नाव आणि एक ओळ, बस्स. गोष्टी नाहीतच! म्हणून तर तिकडचे शिक्षक ती मुलांपुढे ठेवून गोष्टी लिहून घेत आले. चित्रातून काहीतरी हरवलेले असले तरच शोधायला पोर निघणार ना? आपल्याकडेही माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' आहे. नावातच बघा, चित्र 'वाचायचे'. आपल्या चौकटींत वाचायला काही शिल्लक नसते. असलेच तर चित्रकाराच्या विसराळूपणाने.

शिक्षकांची बाजूही सांगायला हवी. एका वर्गाच्या चाळीस-पन्नास वह्या. तात्पर्य एकच असले की रात्री दहापर्यंत तपासून होतात. प्रत्येकाने वेगळी पिशवी हरवली तर बाईंनी झोपायचे केव्हा? हे मला पटते. पण मग त्याला शुद्धलेखन म्हणा, वाक्यरचना म्हणा. कथालेखन नका म्हणू.

पुढच्या चाचणीत त्या मुलीला दहापैकी नऊ मिळाले. आईने पेढा दिला. 'या वेळी चित्रात काय होते गं?' मी विचारले. ती जरा आठवत राहिली. मग म्हणाली, "चित्र बघायला लागतच नाही आजोबा. बाजूच्या शब्दांवरूनच होतं."

गेल्या एप्रिलअखेर इथल्या एका क्लासचे 'सर्जनशील लेखन शिबिर' होते. चांगली वीस-पंचवीस मुले पाम बीच रस्त्यापलीकडच्या पाणथळीवर आणली होती. समोर पाण्यात फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा उभा. म्हटले, चला, सुधारणा झाली! जवळ जाऊन पाहतो तो प्रत्येकाच्या हातात फ्लेमिंगोच्या चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स. बाजूला शब्द : पक्षी, पाय, गुलाबी, एकजूट. ऊन डोळ्यांवर येते म्हणून मुलांना पाण्याकडे पाठ करून बसवले होते.

त्यांत करावे गावातला एक पोरगा होता. तो सारखा मागे वळून बघत होता.

"बाई, खाडीला ओहोटी लागली. आता हे चिखलावर चरायला जातील."

"बोलू नकोस. तुझं तात्पर्य झालं का?"

"नाही बाई."

"मग ते लिही आधी."

त्याने मान खाली घातली. मागे थवा उठला.