५६३६ किलोमीटरची तळटीप

मिशेलिनने २०१८ साली ‘रोड ५’ हा स्पोर्ट टूरिंग टायर आणला तेव्हा जाहिरातीत एक दावा होता: ५६३६ किलोमीटर चाललेला रोड ५ ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर कोऱ्या पायलट रोड ४ इतक्याच अंतरात थांबतो. पायलट रोड ४ म्हणजे त्यांचाच आधीचा टायर. खाली बारीक अक्षरांत तळटीप होती. चाचणी कंपनीच्या स्वतःच्या, दक्षिण फ्रान्समधल्या फाँतांजच्या केंद्रात झाली आणि तिला एक त्रयस्थ साक्षीदार होता.

आज या एका दाव्याची चिरफाड करू या. एरवी मी इथे रबर आणि पॉलिमरवरच्या शोधनिबंधांबद्दल लिहितो, पण टायरची जाहिरात हाही एक प्रकारचा शोधनिबंधच असतो. फक्त त्यातला ‘पद्धती’ हा भाग कुणीतरी कापून टाकलेला असतो. तुमच्याकडे ३९०, ६५० किंवा त्याहून मोठी गाडी असेल आणि मागचा टायर बदलायला आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बरा टायर घ्यायचा तर आमच्यासारख्यांच्या फेलोशिपचा चांगलाच लचका तुटतो, आणि निवड फसली तर ते दुकानात नाही, जुलैत आंबा घाटाच्या वळणावर कळतं.

आधी कौतुक करतो, कारण ते कुणी करत नाही. हा दावा वापरलेल्या टायरबद्दल आहे. यूट्यूबवरची टायर-परीक्षणं बघा. टायर बसवला, दीडदोनशे किलोमीटर फिरवला, एका घाटात गुडघा खाली नेला, आणि ‘ग्रिप एकदम कडक’. अहो, नवा टायर चांगला असणारच! तुम्ही पैसे मोजता ते दहा-बारा हजार किलोमीटरांसाठी. परीक्षण असतं त्यातल्या पहिल्या एक-दोन टक्क्यांचं. जर्मनीतलं ‘मोटोराड’ हे नियतकालिक झीज हा वेगळा निकष धरून गुण देतं, म्हणून त्याचे तक्ते जगभर वाचले जातात. पण झिजलेल्या टायरची पकड किती उरली हे बहुतेक जण विचारतच नाहीत. मिशेलिनच्या जाहिरातीने निदान तो प्रश्न विचारला.

आता तो दावा शक्य कसा आहे ते पाहू. त्यासाठी रबर रस्त्याला धरतं कसं, हे थोडं समजून घ्यावं लागेल.

रबराचे दोन चेंडू घ्या. एक टणाटण उडणारा, दुसरा जमिनीवर पडून बसणारा. दुसऱ्या चेंडूने पडतानाची ऊर्जा गिळली आणि तिची उष्णता केली. याला हिस्टेरिसिस म्हणतात. टायरचं रबर खडीच्या टोकांवरून घसरतं तेव्हा ते दबतं आणि पुन्हा फुलतं; फुलताना ते जितकं आळशी, तितकी ऊर्जा गिळली जाते आणि तितकं घर्षण जास्त. (रबर थेट दगडाला चिकटतं हा दुसरा भाग, पण ओल्या रस्त्यावर पाण्याच्या थरामुळे तो बराच कमी होतो.) म्हणजे पकडीसाठी ‘आळशी’ रबर हवं. पण आळशी रबर नुसतं सरळ चालतानाही ऊर्जा खातं आणि तापतं.

यातून वाट निघते ती वारंवारतेमुळे. ताशी ६० किलोमीटर वेगाला १७ इंची चाक सेकंदाला साधारण ८-९ फेऱ्या मारतं, म्हणजे सरळ चालताना रबर सेकंदाला तेवढ्याच वेळा दबतं. पण ब्रेक मारल्यावर टायर समजा दहा टक्के घसरला, तर रबर रस्त्यावरून सेकंदाला दीड-पावणेदोन मीटर सरकतं. खडीवरचे खडबडीत उंचवटे मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत असतात. त्यांवरून जाताना तेच रबर सेकंदाला हजारापासून लाखापेक्षा जास्त वेळा दबतं. तेव्हा दहाच्या आसपास चपळ आणि हजार-लाखाला आळशी असं रबर बनवायचं, हा सगळा खेळ. १९९० च्या दशकात कार्बन ब्लॅकच्या जागी सिलिका आली ती यासाठीच. सिलिका रबरात नीट मिसळत नाही, म्हणून सिलेन नावाचं जोडरसायन लागतं, आणि त्या जोडकामावर आजही माझ्यासारख्यांच्या पीएच.डी. निघतात.

वारंवारता आणि तापमान एकमेकांची जागा घेतात, हेही ध्यानात ठेवा. १९६३ साली ग्रॉश यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं, की वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना मोजलेलं रबराचं घर्षण एकाच वक्रावर आणून बसवता येतं. रबर थंड करणं म्हणजे जणू ते जोरात घासणं. तापवणं म्हणजे हळू घासणं. ‘या टायरची पकड इतकी’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. कोणत्या तापमानाला, हे लगेच विचारावं लागतं.

रोड ५ च्या दाव्यामागे मात्र रबराइतकीच खाचांची रचना आहे. नक्षीतल्या बारीक चिरा, ज्यांना सायप म्हणतात, त्या वर अरुंद आणि खोलात रुंद आहेत. त्यासाठी साच्याचे धातूचे भाग थ्रीडी प्रिंटिंगने बनवले. टायर झिजतो तशा चिरा रुंद होत जातात, आणि उंची घटली तरी पाण्याला वाट राहते. साध्या खाचेत हे उलटं होतं: झीज झाली की पाणी मावायची जागा नुसती कमी होत जाते. त्यामुळे दावा मला पटण्यासारखा वाटतो. जादू वगैरे नाही, भूमिती आहे.

आता तक्रारी.

पहिली, तुलना कुणाशी? स्वतःच्याच जुन्या टायरशी. पिरेलीचा एंजल जीटी, मेट्झेलरचा रोडटेक ०१, ब्रिजस्टोनचा टी ३१ यांतलं काय घ्यावं या प्रश्नाला हा आकडा स्पर्शही करत नाही. दुसरी, मोजमाप सरळ रेषेतल्या ब्रेकचं आहे. तेव्हा गाडी उभी असते आणि टेकतो तो टायरचा मधला पट्टा. स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये मध्यभागी कडक आणि कडांना मऊ अशी दोन वेगळी रबरं घालायची आता पद्धत आहे. मोटरसायकलचा टायर वाकतो, म्हणून हे जमतं. चारचाकीला नाही जमत. पण मग मधल्या पट्ट्याचा आकडा कडांबद्दल काहीच सांगत नाही, आणि ओल्या वळणावर तुम्ही कडेवर असता. तिसरी, हे ५६३६ किलोमीटर कुणी, कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने चालवले? जाहिरातीच्या ओळीत यातलं काही नसतं.

ही तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. शालामाख आणि टर्नर यांनी १९६० मध्ये घसरत फिरणाऱ्या चाकाची झीज मांडली. ठोकळमानाने, झीज ही टायरवर पडणाऱ्या बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता हायवेवर सरळ जाणारी गाडी घ्या. मागच्या टायरचं मुख्य काम वाऱ्याला ढकलणं, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वर्गाचा वर्ग म्हणजे चौथा घात! १०० ऐवजी १२० ने गेलात तर वारा १.४४ पट, आणि दर किलोमीटरची झीज २ पटीहून किंचित जास्त. ८० विरुद्ध १०० चा हिशोब मांडला तर जवळजवळ अडीच पट येते. हा अंदाज आहे. यात रोलिंगचा विरोध सोडून दिलाय आणि जास्त वेगाने टायर तापतो तेही धरलेलं नाही. पण मधला पट्टा सपाट होऊन टायर ‘चौकोनी’ का होतो, आणि एकाच टायरवर एक मित्र १५ हजार सांगतो तर दुसरा ७ हजार, याचं उत्तर यात आहे. दोघंही खरं बोलत असतात. टायरचं किलोमीटरमधलं आयुष्य हा टायरचा गुणधर्म म्हणून छापणं मला त्यामुळेच खटकतं. त्यात अर्धा वाटा तुमच्या उजव्या मनगटाचा असतो.

चारचाकीवाल्यांना निदान काहीतरी छापील मिळतं. अमेरिकेत कारच्या टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. टेक्सासमधल्या ४०० मैलांच्या ठरलेल्या वाटेवर ७२०० मैल चालवून, एका संदर्भ टायरशी ताडून तो काढतात. २०० म्हणजे संदर्भाच्या दुप्पट. युरोपात २०१२ पासून कारच्या टायरवर ओल्या पकडीची श्रेणी लावावी लागते. मोटरसायकलचे टायर या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहेत. म्हणून आपल्याला कंपनीची तळटीप भिंगातून वाचावी लागते.

२०२२ च्या ‘रोड ६’ ची जाहिरात माझ्या मते एक पाऊल मागे गेली. तिचे ठळक आकडे: रोड ५ पेक्षा ओल्यात १५ टक्के जास्त पकड आणि १० टक्के जास्त आयुष्य. हे १५ टक्के घर्षणाचे आहेत असं धरलं, घर्षणांक ०.७० वरून ०.८० च्या वर गेला असं मानलं, तर ८० च्या वेगाहून थांबायला ३६ ऐवजी ३१ मीटर लागतील. समोरच्या एसटीचा मागचा बंपर आणि तुम्ही यांच्यात पाच मीटर ही फार मोठी गोष्ट आहे. पण ही तुलना नव्या टायरची नव्या टायरशी. आठ हजार किलोमीटरनंतर त्या १५ टक्क्यांतले किती उरतात? जो प्रश्न आधीच्या जाहिरातीने स्वतःहून विचारला होता, तोच इथे ठळक अक्षरांतून गायब आहे.

आता आपल्या रस्त्यांवर या. एप्रिल-मेमध्ये दख्खनच्या पठारावर भर दुपारी डांबर ६० अंशांच्याही वर जातं. जुलैत घाटातलं पाणी युरोपातल्या शरद ऋतूच्या पावसाइतकं गार नसतं. ग्रॉशच्या वक्रावर आपण सरकलेले असतो, आणि थंड ओल्या रस्त्यासाठी जुळवलेल्या रबराचं कौतुक जसंच्या तसं इथे लागू होत नाही. उलट ऑटोबानवरचा वेगही आपण काढत नाही, म्हणजे झीज तिकडून कमी होते. या दोन गोष्टी एकमेकींना किती खोडतात ते कागदावर सांगता येणार नाही. परदेशी तक्त्यातला आयुष्याचा आकडा मात्र सरळ उचलू नका. क्रम उचला, अ हा ब पेक्षा जास्त टिकतो एवढाच. आणि तोही तुमच्या मापाचा असेल तर. त्या चाचण्या बहुधा १२०/७० आणि १८०/५५ मापांवर, दोनशे किलोच्या पुढच्या गाड्यांवर होतात. आपल्या ११०/७० आणि १५०/६० वाल्यांच्या हलक्या गाड्या त्या टायरला तितकं तापवतही नाहीत.

पैशाचं काय? ‘किंमत भागिले किलोमीटर’ हे सूत्र सगळे वापरतात, मीही वापरतो, पण भाजक नीट निवडून. भारतात दुचाकीच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. समजा मागचा टायर १३ हजारांचा, नवा असताना नक्षी ६ मिलिमीटर, आणि कायद्याच्या रेषेपर्यंत तो १३ हजार किलोमीटर जातो. झाला रुपयाला एक किलोमीटर. पण पावसात घाट चढणार असाल तर ०.८ पर्यंत थांबणं मला वेडेपणा वाटतो. मी २ मिलिमीटरला सोडतो. मग वापरायला मिळतात ५.२ पैकी ४ मिलिमीटर, म्हणजे १० हजार किलोमीटर, आणि दर होतो एक रुपया तीस पैसे. याच हिशोबात दुसरा टायर तपासा. झिजतानाही पाण्याला वाट ठेवणारा टायर जरा महाग असला तरी इथे पुढे जाऊ शकतो. आणि तुमचं चालवणं म्हणजे नव्वद टक्के पुणे-कोल्हापूर सरळ रस्ता असेल, तर कडांचं मऊ रबर तुम्ही विकत घेता आणि न वापरताच टायरबरोबर फेकून देता. मध्यभाग सपाट होईल, कडा कोऱ्या राहतील. अशांनी पकडीत अव्वल येणाऱ्या टायरच्या मागे लागू नये. एखादा टिकाऊ देशी रेडियल घ्यावा आणि उरलेल्या पैशांत पुढचा टायरही वेळेवर बदलावा.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. रबर नुसतं पडूनही ऑक्सिजन आणि ओझोनने कडक होत जातं, आणि वरच्या सगळ्या चाचण्या ताज्या टायरवर झालेल्या असतात. सवलतीतल्या आयात टायरवर हा आकडा आधी बघा, किंमत नंतर.

बसवून घेतल्यावर शंभर-दीडशे रुपयांचा खोलीमापक आणा आणि दर हजार किलोमीटरला तीन ठिकाणी मोजा: मध्य, डावी कड, उजवी कड. तीन-चार हजारांत रेषा दिसायला लागते. मध्याची रेषा कडांपेक्षा खूप उतरती निघाली, तर पुढच्या वेळी मऊ कडांसाठी जादा पैसे द्यायचे की नाही, हे त्या वहीतच लिहिलेलं असेल.