संख्याकल्पनेचा इतिहास : एका मान्य ग्रंथाचें पुनःपरीक्षण

विभूतिभूषण दत्त व अवधेश नारायण सिंह यांच्या ‘हिस्टरी ऑफ हिंदु मॅथेमॅटिक्स’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३५ सालीं लाहोर येथें व दुसरा १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६२ सालीं मुंबईहून त्याची पुनरावृत्ति निघाली. अंकलेखन व अंकगणित हा पहिल्या भागाचा विषय होय. भारतीय संख्याविचाराविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांतील बराच भाग प्रत्यक्ष किंवा परंपरेनें याच ग्रंथावर उभा आहे. ज्या ग्रंथाचा आधार वारंवार घेतला जातो त्याची फेरतपासणीहि वारंवार व्हावी, हा संशोधनाचा साधा नियम आहे. ती तपासणी येथें संक्षेपानें करण्याचा आमचा हेतु आहे. ग्रंथांतील बारीकसारीक दोष वेंचण्याची आम्हांस इच्छा नाहीं. ग्रंथकारांनीं जो प्रश्न एक समजून सोडविला तो वस्तुतः एक होता कीं अनेक, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

ग्रंथाची योग्यता जाणावयाची तर तो कोणत्या वादांत जन्मला हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. जी. आर. के या इंग्रज गृहस्थांनीं १९०७ पासून लेखांतून व १९१५ च्या ‘इंडियन मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकांतून असें प्रतिपादन चालविलें होतें कीं, स्थानमूल्याची पद्धति भारतांत निघाली असें मानण्यास विश्वसनीय पुरावा नाहीं. ज्या जुन्या ताम्रपटांत स्थानमूल्यानें लिहिलेले अंक सांपडत ते त्यांनीं संशयित म्हणून बाजूस सारले. ताम्रपट बनावट असूं शकतात, हें जुनीं कागदपत्रें हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. वतनाच्या लोभानें कागद जसे तयार झाले तसे पत्रेहि झाले. परंतु बनावटपणा ठरवावयाचा तो लिपि, भाषा, वंशावळ व तिथिवार यांवरून. अंक पुढारलेले म्हणून पट खोटा, आणि खऱ्या पटांत पुढारलेले अंक नाहींत म्हणून पद्धति अर्वाचीन, अशा वळणाची मांडणी स्वतःभोंवतींच फिरत राहते. दत्त-सिंहांनीं हें वर्तुळ फोडलें. त्यांनीं मूळ संस्कृत ग्रंथ स्वतः चाळले, कोरीव लेखांची छाननी केली, आणि प्रत्येक विधानापाठीमागें आधार उभा केला. हें ऋण मान्य केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं.

मुख्य वादाचा निकाल त्यांच्याच बाजूनें लागला आहे. युफ्रेतीस नदीकांठच्या मठांतील सीरियन विद्वान् सेव्हेरस सेबोख्त यानें इ. स. ६६२ मध्यें हिंदूंच्या नऊ चिन्हांनीं होणाऱ्या गणनेची प्रशंसा केली आहे. कंबोडियांतील सांबोर येथील ख्मेर भाषेंतील शिलालेखांत शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हा काल तीन अंकांनीं लिहिला असून मधलें शून्य टिंबानें दाखविलें आहे. जॉर्ज सेदेस यांनीं १९३१ सालीं या लेखाचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणिलें. परदेशच्या दगडावर शककाल या रीतीनें कोरला जातो, तेव्हां ती रीत मायदेशीं त्यापूर्वींच रुळलेली असली पाहिजे. ग्वाल्हेर येथील इ. स. ८७६ च्या लेखांत बागेची लांबी २७० हात व रोजच्या फुलमाळा ५० हे आंकडे तर आजच्या वाचकासहि सहज ओळखूं येतात.

येथपर्यंत आमचा ग्रंथकारांशीं मतभेद नाहीं. मतभेद सुरू होतो तो ते याच्याहि मागें जातात तेथें. पिंगलाच्या छंदःसूत्रांत ‘शून्य’ हा शब्द येतो, यावरून इ. स. पूर्वीं २०० च्या सुमारास शून्याचें चिन्ह वापरांत होतें असें ते म्हणतात. आतां पिंगलाची रीत पाहूं. सहा अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेदानें किती प्रकार होतात, हें काढावयाचें आहे. सहा ही सम संख्या, तिचें अर्ध करून ‘दोन’ ही खूण ठेवावी. उरले तीन, विषम, म्हणून एक वजा करून ‘शून्य’ ही खूण ठेवावी. उरले दोन, पुन्हां अर्ध व ‘दोन’. उरला एक, तो वजा करून ‘शून्य’. मग एकापासून उलट यावें. शून्य असेल तेथें दुप्पट करावी, दोन असेल तेथें वर्ग करावा. दोन, चार, आठ, चौसष्ट असें उत्तर येतें. रीत अत्यंत चतुराईची आहे, यांत शंका नाहीं. पण येथें शून्याच्या जागीं फूल किंवा खडा ठेवला असता तरी गणित बिघडलें नसतें. हें शून्य रिकामें स्थान दाखवीत नाहीं, आणि त्याची बेरीज-वजाबाकीहि होत नाहीं. तें केवळ पायरीची खूण आहे. शब्द होता एवढेंच यावरून सिद्ध होतें. चिन्ह, स्थान व संख्या या तीन्ही गोष्टी त्या एका शब्दांत होत्या, हें सिद्ध होत नाहीं.

आमच्या मतें ग्रंथाचा मूळ दोष हाच. चिन्ह कधीं निघालें, स्थानमूल्य कधीं आलें, आणि संख्या ही स्वतंत्र वस्तु म्हणून कधीं मानली गेली, हे तीन निराळे प्रश्न आहेत व प्रत्येकाचें साधन निराळें आहे. ते एकत्र केले कीं कोणत्याहि एकाचा पुरावा तिहींना लावला जातो.

चिन्हें स्थानावांचून राहूं शकतात, याचा दाखला आपल्या घरचाच आहे. जुन्नरजवळील नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांत यज्ञांच्या दक्षिणा आंकड्यांनीं दिल्या आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ते आंकडे वाचून १८७६ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यांत १,७०० लिहितांना हजाराचें चिन्ह व मग सातशांचें चिन्ह येतें. २४,४०० लिहितांना वीस हजार, चार हजार व चारशें यांचीं चिन्हें ओळीनें येतात. शंभराच्या चिन्हास सातांचें चिन्ह जोडून सातशें होतात. मोठमोठे आंकडे निर्वेधपणें लिहिणाऱ्या या लोकांस स्थानाची गरज भासली नव्हती, आणि म्हणून शून्याचीहि नव्हती.

स्थान असूनहि शून्य ही संख्या नसावी, याचें उदाहरण बाबिलोनचें. तेथें इ. स. पूर्वीं सुमारें २००० पासून साठ या पायावरील स्थानपद्धति चालू होती. मधलें स्थान रिकामें असल्यास लेखक मोकळी जागा सोडीत. त्या जागीं निश्चित खूण करण्याची चाल इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास दिसूं लागते. म्हणजे स्थानपद्धति दीड हजारांहून अधिक वर्षें अशा खुणेवांचून नांदली. आणि खूण आल्यावरहि ती बेरीज-गुणाकाराचा विषय झाली नाहीं.

उलट, संख्या म्हणून शून्याचा विचार करण्यास चिन्हाची अपेक्षा नसते. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’च्या अठराव्या अध्यायांत धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांचे नियम सांगितले आहेत. ते सर्व पद्यांत आहेत. आंकडा लिहून दाखविण्याचें कारणच पडलें नाहीं. शून्यास शून्यानें भागिलें असतां शून्य येतें, हा त्याचा नियम आज कोणी मानणार नाहीं. तथापि असा प्रश्न विचारतां येतो, हें ज्याला सुचलें त्यानें शून्यास इतर संख्यांच्या पंक्तीस बसविलें होतें. आमच्या मतें भारतीयांचें श्रेय शोधावयाचें तें येथें. टिंब प्रथम कोणी काढलें या स्पर्धेपेक्षां हें श्रेय मोठें असून त्याचा पुरावाहि निःसंशय आहे. ऋणसंख्येच्या बाबतींत मात्र प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, चिनी गणकांनीं ‘नऊ अध्याय’ या ग्रंथांत तिचे नियम ब्रह्मगुप्ताच्या कित्येक शतकें आधीं दिले होते.

याहून पुढची एक पायरी आहे, व तिचा इतिहास दत्त-सिंहांच्या ग्रंथांत साधनरूपानें असूनहि विचाररूपानें नाहीं. नियम सांगितला म्हणजे लोकांनीं संख्या मानली असें होत नाहीं. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत माकडांचें एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकीं माकडें गुहेंत गेलीं. एक बाहेर दिसतें. तर एकूण किती? समीकरणाचीं उत्तरें दोन येतात, ५० आणि ५. पन्नास घेतल्यास दहांतून तीन गेले, सात, त्याचा वर्ग ४९, आणि एक मिळून ५०. पांच घेतल्यास एकांतून तीन वजा करावे लागतात. उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक मिळून पांच. गणित दोन्हीकडे जुळतें. तरीहि आचार्य दुसरें उत्तर सोडून देतात, आणि कारण असें देतात कीं ऋणात्मक संख्येविषयीं लोकांस प्रतीति नाहीं. ऋणाचे सर्व नियम ज्यांस करतलामलकवत् होते त्यांनींच ही मर्यादा नोंदवावी, यांत कमीपणा मुळींच नाहीं. संख्येच्या इतिहासांतील हा एक अमूल्य कबुलीजबाब आहे. संख्या प्रथम नियमांत येते, आणि प्रतीतींत पुष्कळ उशिरां येते. फ्लॉरेन्स येथील सराफांच्या संघानें इ. स. १२९९ मध्यें नव्या अंकांनीं जमाखर्च लिहिण्यास मनाई केली. तेव्हां लेओनार्दो पिसानो याच्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथास सुमारें शंभर वर्षें होत आलीं होतीं. प्रतीतीची गति सर्वत्र सारखीच मंद असते.

ग्रंथकारांस उपलब्ध नसलेलें एक साधनहि येथें सांगितलें पाहिजे, कारण त्यानें या विषयाचा आरंभच बदलला आहे. मेसोपोटेमियांतील उरुक येथें इ. स. पूर्वीं ३३०० ते ३००० च्या सुमाराच्या हिशेबाच्या मातीच्या विटा सांपडल्या. निस्सेन, दामेरोव व एंग्लुंड यांनीं त्यांचा उलगडा केला. एक लहान व एक मोठी अशा त्याच दोन खुणा मेंढ्यांच्या हिशेबांत आल्या तर मोठी खूण लहानीच्या दसपट, आणि धान्याच्या मापांत आल्या तर सहापट! तेथील कारकुनास ‘दहा’ ही निर्लेप संख्या लिहावयाची नव्हती. त्याला मेंढ्या लिहावयाच्या होत्या, धान्य लिहावयाचें होतें. आपल्याकडेहि कोडी वीस नगांची, दस्ता चोवीस कागदांचा आणि खंडी वीस मणांची असे. वस्तूगणिक गणना बदलण्याची ती वृत्ति आम्हांस परकी नाहीं. संख्या वस्तूपासून सुटी झाली केव्हां, हा या इतिहासाचा पहिला प्रश्न होय. आणि अंकचिन्हांपासून आरंभ करणाऱ्या ग्रंथास तो दिसणें शक्य नव्हतें.

हा सर्व ऊहापोह केवळ जुन्या वादासाठीं नाहीं. पेशावरनजीकच्या बख्शाली गांवीं १८८१ सालीं सांपडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीचा काळ हर्न्ले यांनीं तिसरें-चवथें शतक मानिला होता, तर के यांनीं बारावें. २०१७ सालीं ऑक्सफर्ड येथें तिच्या तीन पानांची कार्बन-कसोटी झाली; त्यांचे काल २२४–३८३, ६८०–७७९ व ८८५–९९३ असे निघाले. लागलीच शून्याचा शोध पांचशें वर्षें मागें गेल्याची वार्ता जगभर झाली व आपल्याकडे तिचा उत्सव झाला. परंतु पोथी एकसंध व एका हातची दिसते, मग तिचें लेखन सर्वांत जुन्या पानाच्या काळीं कसें झालें असेल, हा आक्षेप जाणत्यांनीं घेतला तो किती जणांपर्यंत पोंचला? पानाचें वय निराळें, लेखनाचें निराळें आणि त्यांतील विचाराचें निराळें. दत्त-सिंहांनीं पिंगलाच्या शब्दास जो भार दिला तोच येथें पानास दिला गेला. ज्या शिस्तीनें आपण के यांस उत्तर देतों ती आपल्या अभिमानाच्या गोष्टीसहि लावली नाहीं, तर तें उत्तरहि दुबळें ठरतें.

शेवटीं महाराष्ट्रांतील अभ्यासकांस एक विनंति. संख्येच्या प्रतीतीचा इतिहास मोठ्या ग्रंथांपेक्षां हिशेबांच्या कागदांत अधिक सांपडण्याचा संभव आहे. आपल्या जुन्या जमाखर्चांत रुपयांचा आंकडा स्थानमूल्यानें लिहीत, आणि त्याच ओळींत पाव रुपयास एक उभी रेघ, अर्ध्यास दोन व पाऊणास तीन रेघा ओढीत. नाणेघाटांत एकास एक आडवी रेघ व दोनांस दोन आडव्या रेघा आहेत. दोहोंमध्यें सुमारें दोन हजार वर्षें गेलीं, मधल्या काळांत स्थान आलें, शून्य आलें, ब्रह्मगुप्त व भास्कर झाले. तरी कारकुनाच्या बोरूखालीं ती आदिम रेघ १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होईपर्यंत जिवंत होती. नवी कल्पना जुनीस हांकलून देत नाहीं. शेजारीं बसून राहते. म्हणून दफ्तरें छापतांना त्या रेघांचे सोयीस्कर अपूर्णांक करूं नयेत. मूळांत आहेत तशाच ठेवाव्या. दत्त-सिंहांच्या ग्रंथास जी पुरवणी जोडावयाची आहे तिचें साधन त्या रेघांतच आहे.