भय, धसका आणि भयगंड

इंग्रजीतील 'फोबिया' ह्या शब्दास 'भयगंड' हा प्रतिशब्द मराठीत आता बराच रूढ झाला आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांतून तो वारंवार भेटतो. ज्यांस तो जड वाटतो ते सरळ 'फोबिया' म्हणून मोकळे होतात. एकदा प्रतिशब्द रुळला म्हणजे त्याची चिकित्सा करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या शब्दाने आपण माणसाच्या दुखण्यास नाव देतो, त्याच शब्दाने त्या माणसाकडे कसे पाहावयाचे हेही नकळत ठरून जाते. म्हणून ह्या शब्दाची थोडी पारख करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम मूळ शब्दाचा इतिहास पाहावा. ग्रीक पुराणांत फोबोस हा युद्धदेव आरीस ह्याचा पुत्र; रणांगणावर सैन्यास पळ काढावयास लावणारी जी भीती, तिचेच तो मूर्त रूप. वैद्यकात हा शब्द फार प्राचीन काळी 'हायड्रोफोबिया' ह्या नावात शिरला. पिसाळलेले कुत्रे चावून रोग जडला म्हणजे पाणी समोर येताच रोग्याच्या घशाचे स्नायू आवळून येतात, त्या लक्षणाचे हे नाव. आमच्या सुश्रुतानेही कल्पस्थानात त्यास 'जलत्रास' असेच म्हटले आहे. केवळ मनाच्या भयास हे शेपूट सर्रास लागू लागले ते मात्र एकोणिसाव्या शतकात. मोकळा चौक ओलांडताना गर्भगळित होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून कार्ल वेस्टफाल ह्यांनी १८७१ साली 'अगोराफोबिया' हे नाव योजिले, आणि १८७९ साली बेंजामिन बॉल ह्यांनी कोंडलेल्या जागेच्या भयास 'क्लॉस्ट्रोफोबिया' म्हटले. पुढे तर ग्रीक कोश उघडावा, एक नाम उचलावे व त्यास 'फोबिया' जोडावे, असा सपाटाच सुरू झाला. नावांची यादी वाढली. परंतु यादी वाढली म्हणजे ज्ञान वाढले असे नव्हे. कोळ्याच्या भयास 'अरॅक्नोफोबिया' म्हटल्याने ते का उत्पन्न होते, ह्याचा कणभरही उलगडा होत नाही.

आता 'भयगंड' ह्याकडे वळू. 'गंड' म्हणजे गाठ वा सूज. गंडमाळेत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. 'कॉम्प्लेक्स' ह्या संज्ञेसाठी तो घेऊन 'न्यूनगंड', 'अहंगंड' हे शब्द घडले. तेथे तो शोभतो; कारण कल्पना आणि भावना ह्यांची अंतर्मनात बसलेली गाठ, हाच त्या संज्ञेचा अर्थ. 'फोबिया'ची गोष्ट निराळी. ते एका लक्षणाचे नाव आहे. कारणाविषयी ते काहीच सांगत नाही. 'भयगंड' म्हणणारा मात्र ह्या भयाच्या मुळाशी एखादी गुप्त गाठ असलीच पाहिजे, असा निकाल आधीच देऊन बसतो.

हा निकाल वादग्रस्त आहे. फ्रॉइड ह्यांनी १९०९ साली पाच वर्षांच्या एका मुलास वाटणाऱ्या घोड्याच्या भयाची मीमांसा करून, ते भय वास्तविक बापाविषयीचे आहे, असे प्रतिपादिले. हा गाठीचा पक्ष. उलटपक्षी १९२० साली वॉटसन व रेनर ह्यांनी एका तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर आणून त्याच वेळी लोखंडी कांबीवर हातोडा हाणला. काही वेळा असे होताच ते मूल नुसत्या उंदरास पाहून रडू लागले, आणि पुढे सशासही भिऊ लागले. प्रयोग निर्दय होता, ह्यात शंका नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स ह्यांनी उलट वाट चोखाळली: सशास भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलास आवडीचे खाणे देत ससा हळूहळू जवळ आणला, आणि भय ओसरले. तेथे कोणतीही गाठ उकलावी लागली नाही. आजचे उपचारही बव्हंशी ह्याच वाटेने जातात.

मौज अशी की हे सारे सांगावयास मराठीत आधीपासूनच चोख शब्द आहेत. वडिलांचा 'धाक' असतो, पराक्रमी पुरुषाचा 'दरारा' असतो, पुढे येणाऱ्या संकटाची 'धास्ती' लागते, अनोळखी वस्तू पाहून बैल 'बुजतो', आणि घडून गेलेल्या गोष्टीचा 'धसका' बसतो. झुरळाने पुष्कळांच्या अंगावर येते ती भीतीपेक्षा 'शिसारी' अधिक असते. उंचावरून खाली पाहताना येते ती 'भोवळ'. 'धसका घेणे' ह्या प्रयोगात तर भय बाहेरच्या प्रसंगातून आत घेतले जाते, हे तत्त्व प्रयोगशाळेवाचून सांगितलेले आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण उंदरावरून सशावर गेलेल्या भयाचेच वर्णन नव्हे काय?

तथापि ह्या शब्दसंपत्तीत एक उणीव आहे, ती झाकणे योग्य होणार नाही. भय म्हणजे अज्ञान, अशी आमची जुनी समजूत. वेदान्त्यांचा रज्जुसर्प दिवा आणताच नाहीसा होतो. परंतु 'फोबिया' झालेल्यास बहुधा दोरी ही दोरीच आहे हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही त्याचे पाय थरथरतात. त्याच्यापुढे दिवा धरून उपयोग नाही; तो दिवा त्याच्यापाशी आहेच. ज्ञानाने न जाणारे भय असे काही असू शकते, हे आमच्या भाषेने नीट मानलेले नाही. म्हणून असा माणूस आमच्या घरांत 'भित्रा' ठरतो, मुलगा असल्यास 'भागूबाई' ठरतो, आणि 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून त्याची बोळवण होते. रक्त पाहून मूर्च्छा येणाऱ्याचेच उदाहरण घ्या. इतर भयांत छाती धडधडते. येथे नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. ह्यात धैर्याचा प्रश्न येतो कोठे? मुलास हिणविल्याने त्याचे भय जात नाही. भयात लज्जेची भर मात्र पडते.

दुसऱ्या टोकास आजची उधळपट्टी आहे. अभ्यास टाळणाऱ्यास 'गणिताचा फोबिया' आणि नावडत्या भाजीचाही 'फोबिया'! अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात अशा भयाने साधारणतः सहा महिने वा अधिक ठाण मांडिलेले असावे, आणि त्याने माणसाचे जिणे अवघड केलेले असावे, अशी अट आहे. शब्द असा स्वस्त झाला म्हणजे ज्यास त्याची खरी गरज आहे त्याच्या हाती खोटे नाणे उरते.

आमची सूचना साधी आहे. शास्त्रीय लेखनात 'भयविकार' हा शब्द योजावा. 'विकार' ह्यास संतवाङ्मयातील कामक्रोधांचा वास येतो, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु हृदयविकार, नेत्रविकार म्हणताना आपण कोणाच्या शीलावर बोट ठेवीत नाही. हा शब्द दुखणे आहे एवढेच सांगतो, कारणाविषयी मौन पाळतो, आणि वैद्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवितो. घरात मात्र 'धसका' हाच शब्द राहू द्यावा. 'त्याने धसका घेतला आहे' असे म्हटले की पुढचा प्रश्न 'कशाचा?' असा येतो. 'तो भित्रा आहे' असे म्हटले की प्रश्नच संपतो. मुलाच्या भयाची चौकशी व्हावी की त्याची थट्टा, हे पुष्कळदा एवढ्या एका शब्दावर अवलंबून असते.