नग आणि चीज

जेयमोहन यांच्या ‘एळाम उलगम’ या २००३ सालच्या तमिळ कादंबरीची काही पानं मी गेल्या वर्षभरापासून माझ्यापुरती मराठीत करून पाहते आहे. कुणी सांगितलेलं काम नाही. माझं तमिळ बोलण्यात सराईत, वाचण्यात धिमं. त्यामुळे एका बाजूला मूळ पुस्तक, दुसऱ्या बाजूला सुचित्रा रामचंद्रन यांचं ‘द ॲबिस’ हे २०२३ सालचं इंग्रजी भाषांतर आणि समोर माझी थोरली नणंद, अशी आमची बैठक असते. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात. तंजावरी मराठी घरात वाढलेल्या. तमिळ ही त्यांची शाळेची, बाजाराची आणि भांडणाची भाषा. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून आधी कॅलिपर आणि आता चाकांची खुर्ची. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे. एरवी आक्कांची ओळख मी त्यांच्या रागज्ञानावरून करून दिली असती.

कादंबरीचा नायक पोत्तिवेलु पंडारम. बायकोवर जीव असलेला, मुलींच्या लग्नांच्या काळजीनं पोखरलेला, मुरुगनचा भक्त. त्याचा धंदा म्हणजे हात नसलेली, पाय नसलेली, वाकडीतिकडी वाढलेली माणसं विकत घ्यायची, देवळापुढे बसवायची, त्यांच्या पुढ्यात पडलेले पैसे गोळा करायचे आणि गरज पडली तर माणूसच विकून टाकायचा. मुत्तम्मै नावाची एक बाई आहे, तिची बाळंतपणंही या धंद्याच्या हिशेबात धरलेली. पळनीचा डोंगर, मुरुगनचं देऊळ, पायऱ्या, गर्दी. आपण ज्याला सण म्हणतो त्याला पंडारम हंगाम म्हणेल, आणि आंब्याचा व्यापारी म्हणतो तितक्याच सहजपणे म्हणेल. कादंबरी त्याला राक्षस करत नाही. तो देवापुढे हात जोडतो तेव्हा खरंच जोडतो. वाचकाची पंचाईत होते ती तिथे.

या माणसांना तो ‘उरुप्पडी’ म्हणतो. सुचित्रा रामचंद्रन यांनी ‘आयटम’ केलं आहे आणि इंग्रजीपुरतं ते चोख आहे. मराठीत माझ्या हातात पहिल्यांदा आला तो ‘नग’. रेल्वेच्या पार्सलात नग मोजतात, सोनाराकडे नग मोजतात, आणि एखाद्या विक्षिप्त माणसाकडे बघून आपण ‘काय नग आहे!’ असंही म्हणतो. माल आणि माणूस दोन्ही एका शब्दात. मी खूश होते. आक्कांना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. पण अर्धाच आहे.”

उरुप्पडी म्हणजे नग हे खरंच. धोबी कपडे मोजतो तेव्हा किती उरुप्पडी म्हणून विचारतो. पण कर्नाटक संगीतात कीर्तनं, वर्णं, पदं यांनाही उरुप्पडी म्हणतात. गायकाकडे किती उरुप्पड्या आहेत यावर त्याचा संग्रह मोजला जातो. आणि याच घराण्यातलं विशेषण ‘उरुप्पडियान’ म्हणजे उपयोगाचं, धड, मार्गी लागलेलं. ‘उरुप्पडियाय काहीतरी कर’ असं तमिळ आई रिकामटेकड्या पोराला सांगते. वस्तू, संगीतरचना आणि सार्थक, तिन्ही एका मुळावर.

मराठीला हे परकं नाही, ते माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं, भाजी चिरताना. आपल्याकडे ‘चीज’ आहे. चीज म्हणजे वस्तू. बुवा गातात तीही चीज. आणि कष्टाचं होतं तेही चीज. अर्थांचा हाच तिढा, फक्त चीज हा शब्द मायेनं भरलेला आणि नग कोरडा. पंडारमच्या तोंडी ‘चीज’ घातला तर तो शौकीन वाटेल. ‘नग’ घातला तर तमिळ वाचकाला मागे जे गाणं ऐकू येत असेल ते मराठीत बंद पडेल. अजून मिटलेलं नाही.

त्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग मला कळला तो मात्र शब्दकोशाबाहेर, मार्गळीत. मार्गळी म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. या दिवसांत चेन्नईत सभांमधून दिवसाला तीन-तीन, चार-चार कचेऱ्या होतात आणि शहराचा एक भाग दुसरं काही बोलत नाही. मी आक्कांना घेऊन एका जुन्या सभेत गेले. नाव घेत नाही. तिथे जे झालं ते कुठेही होतं. दारात पाच पायऱ्या. उतरता मार्ग नाही. चार स्वयंसेवक पोरं धावत आली, ‘पाटी, काळजी करू नका’ म्हणाली आणि आक्कांना खुर्चीसकट उचलून, बसलेल्या लोकांच्या मधून, वरच्यावर पुढे नेऊन ठेवलं. माना वळल्या. एका बाईंनी हात जोडले. मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. किती चांगली माणसं, असं वाटलं. आक्कांनी निऱ्या सारख्या केल्या, पदर सारखा केला आणि माझ्या कानात म्हणाल्या, “आजच्या कचेरीतलं पहिलं उरुप्पडी मी.”

खुर्ची ठेवली होती ती रांगांच्या पुढे, वाटेत, एकटी. तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा नव्हती. मी अकराव्या रांगेत बसले. तनियावर्तन संपताना जी नजरानजर करायची असते, ती आम्हाला करता आली नाही. मध्यंतरात उपाहारगृह होतं ते आणखी एका जिन्याखाली. मार्गळीतल्या उपाहारगृहांची कीर्ती गाण्याइतकीच असते, तिथल्या कॉफीवर आणि गोडावर लोक परीक्षणं लिहितात. मी कागदी पेल्यात कॉफी वर आणून दिली. आक्कांनी घेतली. “इडली खाली, आपण वर,” एवढंच म्हणाल्या.

त्याच महिन्यात, वैकुंठ एकादशीला, एका देवळाबाहेर मी चपला ठेवायला गेले आणि परत आले तर आक्कांच्या मांडीवर दहा रुपयांचं नाणं. आक्का कांजीवरम नेसलेल्या, कानात हिऱ्याच्या कुड्या. ठेवणारी बाई पुढे निघून गेलेली. मी संतापले. आक्का म्हणाल्या, “तिचं पुण्य कशाला मोडू? आज तिला कुणीतरी हवंच होतं.”

हे वाक्य मला कादंबरीच्या कितीतरी पानांचं सार वाटतं. अपंगांना सणात स्थान नाही ही तक्रार नेमकी नाही. स्थान आहे, पूर्वापार आहे, पक्कं आहे. ते पायरीवर आहे. देणाऱ्याचा सण पुरा व्हायला घेणारा लागतो आणि तो आपली जागा सोडून आत आला तर हिशेब बिघडतो. डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधला टायनी टिम चर्चमधून येतो तेव्हा त्याचा बाप कौतुकानं सांगतो की, पोराला वाटत होतं लोकांनी आपल्याला पाहिलं असेल तर बरं, म्हणजे नाताळच्या दिवशी त्यांना लंगड्यांना चालवणाऱ्याची आठवण होईल. लंडनमधलं ते गोंडस पोर आणि पळनीच्या पायथ्याचा नग, दोघांचं काम एकच आहे. फरक इतकाच की, टिमला पंडारम लागत नाही. तो स्वखुशीनं बसतो. पुस्तकाच्या शेवटी तो जगतो तेही स्क्रूज सुधारला याची पावती म्हणून.

आपल्याकडे नाथांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा, मुका येतो. धडधाकट भारुडी ते सोंग घेतो आणि ऐकणारा समजतो की हे आपल्याच अज्ञानाबद्दल चाललं आहे. नाथांची करुणा खरी आहे यात मला शंका नाही. पण खरा पांगळा त्या गर्दीत असेल तर त्यानं कुणाबद्दल ऐकायचं? डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली आलेल्या ‘नॅरेटिव्ह प्रोस्थेसिस’ या पुस्तकात म्हटलं आहे की, साहित्य अपंगत्वाचा कुबडीसारखा आधार घेतं. गोष्ट त्यावर टेकून उभी राहते आणि तो माणूस बाजूलाच राहतो. एम.ए.ला असताना मी हे पाठ केलं होतं. कळलं ते अकराव्या रांगेत.

पायरीखेरीज दुसरी एक जागा आहे: मंच. सुधा चंद्रन यांचा १९८१ साली अपघातात पाय गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, त्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केलं. ही गोष्ट खरी आणि थोर आहे. ती सांगण्याची आपली हौस मात्र संशयास्पद आहे. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’लाही आपण ‘प्रेरणादायी’ या फडताळात ठेवून दिलं आणि निवांत झालो. शब्दांचंही तेच. ‘अपंग’ हा पायरीवरचा शब्द; २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवलेला ‘दिव्यांग’ मंचावरचा. तमिळमध्ये करुणानिधींच्या काळात ‘माट्रुत्तिरनाळी’ रूढ झाला, निराळी क्षमता असलेला, हा त्यातल्या त्यात जमिनीजवळचा. पण पायरी आणि मंच यांच्या मधे जी जागा असते, अकराव्या रांगेतली, शेजारणीच्या कोपराला कोपर लागेल अशी, तिच्यासाठी तिन्ही शब्दांपैकी एकही लागत नाही. तिथे बसलेल्याला प्रेक्षक म्हणतात.

कादंबरीकडे परत येते, कारण तिच्यावर एक आरोप नेहमी होतो आणि मीही तो केला होता: ही किळस विकते. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं. पण भिकाऱ्यांचे आपसांतले संवाद मी वाचून दाखवले तेव्हा आक्का हसल्या, मोठ्यानं. मी तोवर एकदाही हसले नव्हते. कन्याकुमारीकडची मल्याळम मिसळलेली ती बोली, एकमेकांची टर, मालकाची नक्कल, देवाची चेष्टा; माझ्या दयेला हे ऐकूच आलं नव्हतं आणि माझ्या मसुद्यात म्हणूनच ती सगळी माणसं एकाच रडक्या सुरात बोलत होती. मी ते संवाद फाडून पुन्हा केले. जेयमोहन या माणसांना पायरीवरून उठवत नाहीत, तसं केलं असतं तर खोटं झालं असतं. पण त्यांची आपसांतली बैठक ते दाखवतात, जिथे देणारा कुणीच नसतो. कादंबरीचं मोठेपण मला तिथे वाटतं, धक्क्यात नाही.

याच कादंबरीवर बेतलेला बाला यांचा ‘नान कडवुळ’ २००९ साली आला. संवाद जेयमोहन यांचे, दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार. त्यात काशीहून आलेला अघोरी कादंबरीबाहेरचा. शेवटी आंधळी, छळलेली अंसवल्ली त्याच्याकडे सुटका मागते आणि तो तिला मारून मोक्ष देतो. चित्रपटगृहात हे भव्य वाटतं. आक्का म्हणाल्या, “गात होती ना ती? मग?” मला यापेक्षा नेमकं परीक्षण सुचत नाही. कादंबरीत नसलेला अघोरी चित्रपटाला का लागला, तर प्रेक्षकाला घरी जायला काहीतरी निकाल हवा होता. टायनी टिमला जगवणं आणि अंसवल्लीला मारणं ही एकाच सोयीची दोन टोकं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाचं आहे; संयुक्त राष्ट्रांच्या करारात तेच ३० वं. वकील मंडळी ही कलमं क्वचित उघडत असावीत. दवाखान्यासाठी, शाळेसाठी, कचेरीसाठी, म्हणजे मराठी कचेरीसाठी, उतरता मार्ग मागता येतो. तमिळ कचेरीसाठी मागायला जीभ रेटत नाही. मौज ही मागण्याची गोष्ट आहे असं आपल्याला वाटत नाही, निदान दुसऱ्याची.

आणि तरी या शहरानं एक गोष्ट केली आहे. मरीनाच्या वाळूवर काही वर्षं ३ डिसेंबरच्या, जागतिक अपंग दिनाच्या सुमारास, तात्पुरता मार्ग टाकत. वर्षाकाठी समुद्र, तोही हार-भाषणांसकट. चळवळीतल्या लोकांनी रेटा लावला आणि २७ नोव्हेंबर २०२२ रोजी २६३ मीटर लांबीचा कायमचा लाकडी मार्ग खुला झाला. खर्च सुमारे १ कोटी १४ लाख. दोन आठवडेही झाले नाहीत तोच मॅन्डूस वादळानं त्याचं टोक मोडून टाकलं. पुढे दुरुस्त केला. त्या मधल्या दिवसांत ‘एवढा पैसा पाण्यात’ असं म्हणणारे आमच्या इमारतीतही निघाले. किनाऱ्यावरचे रस्तेही वादळात वाहून जातात. त्याबद्दल असं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

आम्ही गेलो तो कुठलाच दिन नव्हता, पोंगलनंतरचा एक साधा मंगळवार होता. साठ वर्षं या शहरात राहिलेल्या आक्का खुर्ची स्वतः ढकलत टोकापर्यंत गेल्या. मी मागून चालले. पुढे पाण्यात नेऊ का, असं मी विचारलं. मनात मी तोवर तो परिच्छेद लिहायला घेतला होता: साठ वर्षांनी पायाला लागलेली लाट वगैरे. “नको,” त्या म्हणाल्या, “साडी भिजेल.” शेजारी एक कुटुंब भांडत होतं, ते त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. तेंगा-मांगा-पट्टाणी-सुंडल ओरडत पोऱ्या आला. आक्कांनी पर्समधून ते दहा रुपयांचं नाणं काढलं, वर आणखी नोट घातली आणि दोन पुड्या घेतल्या. दोन घास खाल्ले, खोबरं कमी आहे म्हणून पोऱ्याला परत बोलावलं आणि त्याच्याशी तमिळमध्ये वाद घालायला सुरुवात केली.