राक्षसाचे तोंड

रविवर्मा छापखान्यातून १९१० च्या सुमारास निघालेले चौऱ्याऐंशी देवतांच्या गाईचे चित्र आपल्या कलासमीक्षकांनी भक्तिचित्र म्हणून बाजूला ठेवले. मी त्याला आरोपपत्र म्हणतो. गाईच्या अंगात देव दाटीवाटीने बसवलेले, खाली दूध वाटले जाते आणि समोरून तलवार उपसून जो धावून येतो त्याचे धड माणसाचे, तोंड जनावराचे. चित्रातला मजकूर त्याला कलियुगातला मांसाहारी ठरवतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याचा रोख मुसलमानांकडे दिसला, तो होताच. पण मेलेली गाय ओढण्याचे काम गावाने कोणावर लादले होते आणि तिचे मांस कोणाच्या ताटात होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाशीच बोट नेऊन ठेवले, हे ठाऊक असणाऱ्याला त्या जनावरतोंड्यात आपला बापही दिसतो.

शत्रूला विद्रूप करून छापण्याची ही विद्या जुनी आहे. १५२३ साली विटेनबर्गला ल्यूथर आणि मेलांख्थॉन यांनी क्रानाखच्या लाकूडठशांसह पत्रक काढले. गाढवाचे डोके, बाईचे धड, अंगावर खवले, म्हणजे पोपची सत्ता! एकेका अवयवाचा अर्थही लिहून दिला. तिथे राक्षस सिंहासनावर होता. आपल्या छापील चित्रात तो गावकुसाबाहेरचा झाला. (अर्थात त्याच ल्यूथरने १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना ठेचून काढायला सांगितले. ठसा कोणाच्या हातात आहे, यावर सारे असते.)

आपल्याकडे हा ठसा उलटा फिरवला तो महात्मा फुल्यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त राक्षस म्हणजे रक्षक आणि म्हसोबा म्हणजे बळीचा महासुभा. या व्युत्पत्तींना पंडित हसले, अजूनही हसतात. व्याकरण त्यांचे बरोबर असेल. पण फुले शब्दाचे मूळ शोधण्यापेक्षा प्रतिमेचा मालक शोधत होते. सातारा-सांगलीच्या शिवारात बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आजही आहे. त्याला ना सुळे, ना लाल डोळे. ते छापखान्याने दिले. शेतकरी त्याला आपले रान राखणारा मानतो, म्हणजे फुल्यांचा अर्थ बांधावर शाबूत आहे.

फुल्यांचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले. औंधही त्याच तालुक्यात. तिथल्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि डोंगरावर यमाई आहे, जिने औंधासुराला मारले अशी कथा. महाविद्यालयांच्या सहली तिथे जातात. रंग, वस्त्रांच्या चुण्या, सारे दाखवले जाते. शिक्षकाने तिथेच उभे राहून विचारावे, औंधासुर कोण होता? आणि त्याला मारल्यावरही गावाला नाव त्याचेच का राहिले?