सर फ्रान्सिस चॅन्ट्री ह्याचे मुंबईंतील पुतळे व नाणेघाटांतील प्रतिमागृह

मुंबईच्या टाउन हॉलची इमारत इ. स. १८३३ मध्यें पुरी झाली. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंग्रहामुळें संशोधकांचे पाय तिच्या पायऱ्यांना नित्य लागतात. परंतु आंतील संगमरवरी पुरुषांपुढें क्षणभर थांबणारा विरळाच. त्यांपैकीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, सर जॉन माल्कम व सर चार्ल्स फोर्ब्स हे तिघे एकाच इंग्रज शिल्पकाराच्या कारखान्यांतून आलेले आहेत. त्या शिल्पकाराचें नांव सर फ्रान्सिस चॅन्ट्री. पहिल्या दोघांचीं नांवें पेशवाईच्या अखेरच्या इतिहासांत पानोपानीं येतात. ज्यानें त्यांस दगडांत उतरविलें त्याचा परामर्श मात्र आपल्याकडे क्वचितच घेतला जातो. तो येथें घ्यावयाचा आहे, आणि त्याच्या अनुषंगानें एका प्रश्नाचा निर्णय करावयाचा आहे: सार्वजनिक पुतळा हा इतिहासाचा पुरावा मानिला, तर तो नेमका कशाचा पुरावा?

चॅन्ट्रीचा जन्म ७ एप्रिल १७८१ रोजीं इंग्लंडांत शेफील्डजवळील नॉर्टन ह्या गांवीं झाला. बाप सुतारकी करी व थोडी शेती पाही. मुलगा बारा वर्षांचा असतांना तो वारला. पुढें शेफील्ड शहरांत लांकडावर कोरीव काम करणाऱ्या रॅम्से नांवाच्या कारागिराच्या हाताखालीं मुलानें उमेदवारी केली आणि कराराची मुदत भरण्यापूर्वींच तो त्यांतून मोकळा झाला. लंडनांत १८११ मध्यें त्यानें हॉर्न टुक ह्या राजकारणी पंडिताचा अर्धपुतळा प्रदर्शनांत मांडिला, तेव्हांपासून त्याचें भाग्य उदयास आलें. १८१७ मध्यें लिचफील्डच्या मुख्य देवळांत त्याचें दोन निद्रित बालिकांचें स्मारक बसलें. एकमेकींच्या कुशींत झोंपीं गेल्यासारख्या दिसणाऱ्या ह्या दोघी बहिणी वस्तुतः निवर्तलेल्या होत्या. त्या एका कृतीनें त्याची कीर्ति सर्वत्र झाली. १८१८ मध्यें तो रॉयल अकॅडमीचा सभासद झाला, १८३५ मध्यें त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि २५ नोव्हेंबर १८४१ रोजीं तो वारला. नॉर्टन येथेंच त्याचें दफन झालें. लंडन, बोस्टन, कलकत्ता, मद्रास व मुंबई इतक्या दूरदूरच्या नगरांत ज्याची कामें गेलीं, तो शिल्पकार हिंदुस्थानांत मात्र कधीं आला नाहीं.

त्याच्या कामाची रीत ध्यानांत घेतल्यावांचून त्याच्या गुणदोषांचा निवाडा होणार नाहीं. समोर बसलेल्या मनुष्याचें मुख तो कॅमेरा ल्यूसिडा नांवाच्या लोलकाच्या उपकरणांतून पाही, आणि कागदावर पडल्यासारखी दिसणारी त्याची आकृति समोरून व बाजूनें अशी दोनदां पेन्सिलीनें उतरून घेई. त्यावरून मातीचा नमुना, त्यावरून प्लॅस्टरचा ठसा, आणि त्या ठशावरील बिंदु यंत्रानें मोजून तितक्याच खोलीवर संगमरवरांत छिद्रें पाडावयाचीं, असा क्रम असे. दगड फोडण्याचें बहुतेक काम हाताखालचे कारागीर करीत. अॅलन कनिंगहॅम हा स्कॉटलंडांतील पाथरवट-कवि १८१४ पासून चॅन्ट्रीच्या मरणापर्यंत ह्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. अशा रीतीनें घडलेल्या मूर्तींत मुखाचें साम्य बहुधा निर्दोष असतें. चॅन्ट्रीनें आपल्या पुरुषांभोंवतीं यशोदेवता किंवा न्यायदेवता ह्यांची गर्दी केली नाहीं. साधा उभा देह, मोठ्या घड्यांचें वस्त्र व शांत चेहरा एवढ्यावर तो संतुष्ट असे. हा संयम त्याचा मोठा गुण होय. परंतु त्या संयमाबरोबर एक उणीवहि येते. पुतळ्यांतील पुरुषानें काय केलें, हें पुतळा सांगत नाहीं.

ह्याच्या उलट लोकांस पुतळ्यांतून कांहीं तरी गोष्ट हवी असते, व ती न मिळाल्यास ते ती रचितात. मद्रास येथें १८३९ मध्यें उभारलेला सर टॉमस मन्रो ह्याचा अश्वारूढ पुतळा चॅन्ट्रीचाच. १८१८ मध्यें सोलापूर व कर्नाटकांतील ठाणीं पेशव्यांकडून घेणारा मन्रो तो हाच. त्याच्या घोड्यास खोगीर नाहीं व रिकिबीहि नाहींत. शिल्पकार रिकिबी घालण्यास विसरला, अशी दंतकथा तेथें प्रचलित आहे. परंतु लंडनांतील चौथ्या जॉर्ज राजाच्या पुतळ्यास रिकिबी नाहींत, आणि चॅन्ट्रीनें आरंभिलेल्या व त्याच्या मागून पुऱ्या झालेल्या वेलिंग्टनच्या पुतळ्यासहि त्या नाहींत. एकच मनुष्य तीन वेळां तीच गोष्ट विसरत नसतो. रोम येथील मार्कस ऑरेलियस बादशहाच्या प्राचीन अश्वारूढ मूर्तीसहि रिकिबी नाहींत. तो पुराणा आदर्श चॅन्ट्रीनें बुद्ध्या उचलला, असेंच मानणें प्राप्त आहे. एका पुतळ्यावरून दंतकथा जन्मते, तीन ताडून पाहिले म्हणजे ती मरते. संशोधनाचा हा साधा नियम पुतळ्यांसहि लागू आहे.

आतां टाउन हॉलमधील तिघांकडे वळूं. एल्फिन्स्टन हा १८११ पासून पुण्यास वकील होता, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, व १८५९ मध्यें वारला. त्याच्या मागून १८२७ ते १८३० माल्कम गव्हर्नर होता; १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो हाच. तिसरा फोर्ब्स हा अधिकारी नव्हे, मुंबईचा व्यापारी व पुढें पार्लमेंटाचा सभासद होता, आणि हिंदी प्रजेची बाजू तो तेथें मांडीत असे. त्याच्या पुतळ्यासाठीं १८३९ मध्यें एतद्देशीय लोकांनीं ९,००० पौंड वर्गणी जमविली. सनदी वा लष्करी नोकरींत नसलेल्या मनुष्याचा पुतळा हिंदी लोकांनीं उभारल्याचें हें पहिलें उदाहरण म्हणून नमूद आहे. गव्हर्नरांच्या पंक्तीस एका व्यापाऱ्यास बसविणारे हे वर्गणीदार कोण होते, त्यांस काय सांगावयाचें होतें, हें त्या संगमरवरी मुखावरून कळत नाहीं. वर्गणीच्या आंकड्यावरून व सालावरून मात्र पुष्कळ कळतें. फोर्ब्स १८४९ पर्यंत हयात होता. म्हणजे चॅन्ट्रीनें एल्फिन्स्टन व फोर्ब्स ह्या दोघांसहि जिवंतपणींच दगडांत उभें केलें.

आपल्या जुन्या परंपरेस ही गोष्ट रुचली नसती. भासाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या प्रतिमानाटकाच्या तिसऱ्या अंकांत आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीबाहेरील प्रतिमागृहांत शिरतो. दिलीप, रघु व अज ह्यांच्या मूर्तींचा परिचय देवकुलिक त्यास करून देतो, आणि चौथी मूर्ति दशरथाची आहे. जिवंत राजांच्या प्रतिमा येथें स्थापितात काय, असें भरत विचारितो. नाहीं, केवळ गेलेल्यांच्याच, हें उत्तर ऐकतांच पित्याच्या मृत्यूची वार्ता त्यास कळून चुकते. ह्या प्रसंगांत मूर्तीच्या मुखास कांहींच महत्त्व नाहीं. भरतास वार्ता दिली ती मूर्तीच्या स्थानानें व त्या स्थानाच्या नियमानें.

असें प्रतिमागृह केवळ कविकल्पना नव्हे, ह्याचा पुरावा आमच्या प्रदेशांतच आहे. जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन कुलांतील व्यक्तींच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ति ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरिल्या होत्या. कर्नल साइक्स ह्यानें ह्या लेण्याकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्यांनीं तेथील ब्राह्मी लेखांचें वाचन केलें. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा यज्ञ व दक्षिणा वर्णन करणारा मोठा लेख आहे. पाठीमागील भिंतीवर राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि व कुमार सातवाहन अशीं नांवें आहेत. नांवांखालच्या मूर्ति नष्ट झाल्या. पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. सातकर्णीचें नाक कसें होतें हें आतां कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं, आणि त्यावांचून सातवाहनांच्या इतिहासाचें कांहीं अडलेलें नाहीं. अक्षरें गेलीं असतीं आणि मुखें राहिलीं असतीं, तर मात्र त्या मूर्ति कोणाच्या ह्यावर आज वादच चालला असता.

त्याच सह्याद्रीच्या धारेवर दक्षिणेस, आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोंकास आहुपें आहे. नाणेघाट उतरावा अथवा आहुप्याचा घाट उतरावा, मनुष्य मुरबाडच्याच मुलुखांत पोंचतो. हा महादेव कोळ्यांचा गांव. येथील देवराईंत झाड तोडीत नाहींत. आणि ह्या डोंगरपट्टींत देव म्हणून पुजिला जातो तो पुष्कळदां शेंदूर फांसलेला अनघड तांदळाच असतो. मनुष्याचें स्मारक म्हणून देशावर व घाटमाथ्यावर जो प्रकार आढळतो तो वीरगळ होय. खालच्या चौकटींत पडलेला वीर, वरच्या चौकटींत युद्ध, त्यावर त्यास नेणाऱ्या अप्सरा, शेवटीं लिंगपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वीराचें मुख ठरीव असतें व नांव बहुधा नसतेंच. पण तो कसा पडला, गाई राखतांना कीं शत्रूशीं लढतांना, हें कोणाहि गुराख्यास वाचतां येतें.

बृहदारण्यकोपनिषदांत ह्या जगास नाम, रूप व कर्म ह्यांचें त्रय म्हटलें आहे. स्मारकांची परीक्षा करण्यास ही विभागणी फार उपयोगी पडते. नाणेघाटानें नाम राखिलें आणि रूप गमाविलें. वीरगळानें कर्म राखिलें, नाम टाकिलें. चॅन्ट्रीनें रूप यंत्रानें मोजून राखिलें, नाम बैठकीवर कोरविलें, आणि कर्म सोडून दिलें. तिन्ही अंगें ज्यांत आहेत असें स्मारक दुर्मिळच. म्हणून जें अंग नाहीं तें कागदपत्रांवरून भरून काढणें हें संशोधकाचें काम ठरतें.

माल्कमच्या बाबतींत तें कसें भरावें लागेल पहा. १८३० मध्यें त्यानें बोरघाटांतील गाडीवाट खुली केली, आणि जुन्या बैलवाटांचें महत्त्व ओसरूं लागलें. त्याच्याच अमदानींत, १८२८ च्या सुमारास, रामजी भांगरे ह्याच्या नेतृत्वाखालीं महादेव कोळ्यांनीं ह्या डोंगरांत बंड केलें. पेशवाई बुडाल्यावर किल्ल्यांवरील चाकरी गेली, परंपरागत हक्क तुटले, हीं त्या असंतोषाचीं मुळें होतीं. तें बंड मोडण्याच्या कामीं असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनेंच पुढें ह्या जमातीची सविस्तर हकीकत लिहिली. पुढच्या पिढींत राघोजी भांगरे ह्यास १८४८ मध्यें ठाण्यास फांशी दिलें. माल्कमचा चॅन्ट्रीनेंच केलेला दुसरा पुतळा लंडनांत वेस्टमिन्स्टर ॲबींत आहे. मुंबईंतील असो वा लंडनांतील, त्या पुतळ्यांत ह्यांतलें कांहीं नाहीं. एल्फिन्स्टनचेंहि तसेंच. १८१८ चा जाहीरनामा, साताऱ्याच्या राज्याची पुनःस्थापना, १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत निघालेली संस्कृत पाठशाळा, ह्यांतील कोणत्या कृत्यासाठीं त्यास मान द्यावा व कोणत्यासाठीं दोष, ह्याचा निवाडा त्याच्या शांत चेहऱ्यावरून होणें नाहीं. तो चेहरा खरा आहे. पण तेवढ्यावरून सत्य मात्र हातीं लागत नाहीं.

ह्याच कारखान्याशीं निगडित अशी आणखी एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनीं विसरूं नये. चॅन्ट्रीचा व्यवस्थापक जो अॅलन कनिंगहॅम, त्याचे मुलगे हिंदुस्थानांत कंपनीच्या नोकरींत आले. त्यांतील जोसेफ ह्यानें १८४९ मध्यें शिखांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यांतील स्पष्टोक्तीमुळें सरकारची अवकृपा होऊन राजकीय खात्यांतील जागा गमाविली. दुसरा अलेक्झांडर हा १८६१ मध्यें स्थापन झालेल्या पुराणवस्तु-संशोधन खात्याचा आद्य प्रमुख. बापानें देखरेख करून थोरांचीं मुखें दगडांत उतरविलीं. मुलांपैकीं एकानें त्या दगडाखालचे लेख वाचले, दुसऱ्यानें अशा थोरांचीं कृत्यें कागदावर मांडून त्याची किंमत मोजली. शिल्पाची न्यूनता कशानें भरून निघते, ह्याचें उत्तर त्या एका घरांतच सांपडतें.

१८९६ मध्यें मुंबईंतील राणीच्या पुतळ्यास चाफेकरांनीं डांबर फांसलें; १९६५ मध्यें रस्त्यांवरील इंग्रजांचे पुतळे हलविण्यांत आले. ते परके म्हणून हलविले, ह्यांत गैर कांहीं नाहीं. नगराच्या चवाठ्यावर कोणी उभें रहावें हें त्या नगरानें ठरवावें. परंतु पुतळा हलतो तेव्हां बैठकीवरचा लेख, वर्गणीदारांची यादी व स्थान हींहि त्यापासून तुटतात, आणि उरतें तें केवळ मुख, म्हणजे पुराव्याच्या दृष्टीनें सर्वांत मुकें अंग. आज आपल्या तालुक्यांच्या गांवींहि नवे पुतळे उभे राहत आहेत. ज्यांचें समकालीन चित्र नाहीं अशा पुरुषांस शिल्पकारानें मुख कल्पून द्यावें, ह्यास हरकत नाहीं. पण तें कल्पित आहे हें बैठकीवर लिहिलें पाहिजे, आणि त्यांचें कर्म तेथें नेमक्या शब्दांत व सालासह कोरिलें पाहिजे. तसेंच जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत देवळांच्या आवारांत जे वीरगळ ऊनपावसांत झिजत आहेत, सिमेंटाच्या ओट्यांत गाडले जात आहेत, त्यांची गांववार नोंद, मापें व ठसे मंडळानें घ्यावे. चॅन्ट्रीच्या पुतळ्यांवर छप्पर आहे. वीरगळांवर तें नाहीं.