दुप्पट होईपर्यंत

कादंबरी फसली तर वाचकाचे फक्त पैसे जातात. पाककृती फसली तर पैसे जातात, रविवार जातो आणि घरातली उरलीसुरली पतही जाते. असं असूनही कादंबऱ्यांवर समीक्षकांच्या उड्या पडतात आणि पाककृतीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. 'नायिकेचं मन लेखकाला नीटसं उमगलेलं नाही' असं लिहिणारे पुष्कळ. पण 'साहित्यात दोन चमचे तेल दिलं आहे, ते कृतीत शेवटपर्यंत कुठेच येत नाही' असं लिहिणारा अजून माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढण्याचं अस्मादिकांनी मनावर घेतलं आहे. पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत बसून लोकांचे कर्जाचे अर्ज वाचतो आहे. कल्पित वाङ्मयाचा इतका दांडगा व्यासंग एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाचाही नसेल.

समीक्षेचा विषय आहे, घरी मळलेलं पिझ्झ्याचं पीठ. निमित्त, कन्येचा वाढदिवस.

"बाबा, या वेळी विकतचा बेस नको. पीठसुद्धा आपणच करायचं."

'आपण' या सर्वनामाचा आमच्या घरातला अर्थ 'बाबा' असा होतो. ही तेवढ्यात आतून म्हणाली, "अहो, कराच तुम्ही. फक्त ओटा नंतर पुसून द्या." आमच्या संसारात याला प्रोत्साहन म्हणतात.

पहिली कृती मी निवडली ती 'झटपट' या सदरातली. अर्धा किलो मैदा, कोरड्या यीस्टची सात ग्रॅमची अख्खी पुडी, साखर, मीठ, तेल आणि कोमट पाणी. शेवटी ठसठशीत अक्षरांत: 'एक तास झाकून ठेवा. पीठ दुप्पट होईल.'

इथे समीक्षक म्हणून पहिला आक्षेप 'कोमट' या शब्दावर. मराठी पाकवाङ्मयात याच्याइतका बेजबाबदार शब्द नसेल. यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी. तिला अडतीस-चाळीस अंशांचं पाणी मानवतं. साठाच्या घरात गेलं की ती मरते. आणि तुम्ही मेलेल्या यीस्टशेजारी तासभर आशेने बसून राहता. आईच्या दृष्टीने कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं. माझ्या दृष्टीने कोमट म्हणजे मी सकाळी अंघोळ करतो ते, आणि त्यात अंडं उकडेल असं हिचं मत आहे. शेवटी तापमान हिच्या कोपराने ठरलं.

दुसरा आक्षेप त्या 'एक तासा'वर. मी हिशेबी माणूस. एक तास म्हणजे एक तास. पीठ पातेल्यात, पातेल्यावर ताट, आणि मी घड्याळासमोर. महिना मे, गाव ठाणे, स्वयंपाकघर चौतीस अंशांवर. बरोब्बर साठ मिनिटांनी आत गेलो, तर पिठाने ताट उचललं होतं आणि ते काठावरून खाली डोकावून पाहत होतं. हात लावला मात्र, फुसकन बसलं. भाजल्यावर त्याला ताडीच्या गुत्त्याच्या आसपास येतो तसा वास होता आणि पोत घोटलेल्या गादीचा. कन्या माझं मन राखून म्हणाली, "बाबा, पाव छान झालाय."

झाला प्रकार असा, की कृती लिहिणाऱ्याचं स्वयंपाकघर कुठल्या तरी थंड मुलखात असावं. गार हवेत जे यीस्ट तासभर घेतं, तेच मे महिन्यातल्या ठाण्यात अर्ध्या तासात काम उरकून हुंदडायला लागतं. घड्याळ तेच, पण गावागणिक यीस्टची चाल वेगळी. ही गोष्ट कृतीत एका ओळीने सांगता आली असती. सांगितलेली नाही.

मग मी मूळ ग्रंथाकडे वळलो. पिझ्झा नेपल्सचा. तिथल्या मंडळींनी अस्सल पिझ्झ्याच्या रक्षणासाठी १९८४ साली संघटना काढली. २०१० साली युरोपीय संघाने नेपल्सच्या पिझ्झ्याची हमीदार पारंपरिक पदार्थ म्हणून नोंद केली आणि कृती चक्क राजपत्रात छापली. २०१७ साली तर तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं. ती राजपत्रातली कृती वाचताना माझे डोळे पाणावले. सर्क्युलर असावं तर असं! पाणी एक लिटर. मीठ ५० ते ५५ ग्रॅम. यीस्ट ३ ग्रॅम. गोळा १८० ते २५० ग्रॅमचा. पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटीमीटरच्या वर नाही, मधली जाडी ०.४ सेंटीमीटर, काठ एक ते दोन सेंटीमीटर. लाटणं वर्ज्य, हातानेच पसरायचा. भट्टीचा तळ ४८५ अंश, भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. आमच्या ओव्हनचा काटा २५० वर संपतो, त्यामुळे शेवटचं कलम मला लागू नाही. पण मसुद्यापुढे मी मनोमन टोपी काढली.

आणि अशा या काटेकोर दस्तऐवजात एका जागी आकडा डळमळतो. मैदा किती? तर 'सुमारे' १.८ किलो. हा 'सुमारे' कसा ठरवायचा? पाण्यात मीठ विरघळवायचं, मग मैदा थोडा थोडा घालत जायचा, पीठ हव्या त्या अवस्थेला येईपर्यंत. त्या अवस्थेला त्यांनी नावही दिलं आहे: पिठाचा बिंदू. तो ग्रॅममध्ये मोजत नाहीत. चिकटायला नको, मऊ हवं, ताणलं तर परत यायला हवं. म्हणजे दशांश चिन्हांच्या एवढ्या फौजफाट्यासह कायदा शेवटी येऊन थांबला तो हाताच्या पंजावर!

हे मी मोठ्याने वाचत होतो. आई गवार मोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग आम्ही वेगळं काय सांगतो? पीठ मागेल तेवढं पाणी घाल."

फरक इतकाच, की आई पिठात पाणी घालते आणि नेपल्सवाले पाण्यात पीठ घालतात. पण मागणी दोन्हीकडे पिठाचीच. आणि त्याला कारण आहे. प्रत्येक पिठाची तहान वेगळी. त्यांच्या पिझ्झ्याच्या पिठाच्या मानाने आपला नेहमीचा मैदा कमी ताकदीचा. प्रथिनं कमी, म्हणून पाणीही कमी पितो. त्याच्या तहानेपेक्षा जास्त पाणी ओतलं तर पीठ होत नाही, पिठलं होतं.

आता मुख्य मुद्दा. समीक्षेत आकडेमोड करू नये असा संकेत आहे, पण सवय जात नाही. नेपल्सच्या हिशेबाने अर्ध्या किलोला यीस्ट येतं जेमतेम एक ग्रॅम, तेही ताजं. झटपटवाल्यांचं सात ग्रॅम, तेही कोरडं, आणि कोरडं ताज्याच्या दुप्पट-तिप्पट जोरदार. म्हणजे झटपट पीठ वीसेक पट यीस्टच्या जोरावर उभं असतं. नेपल्समध्ये पीठ आधी दोन तास आणि गोळे केल्यावर आणखी चार ते सहा तास विसावतं. तेवढ्या वेळात पिठातल्या स्टार्चची सावकाश साखर होते, काठाला रंग चढतो, किंचित आंबटपणा येतो, न मळताही पिठाला ताण येतो. न्यूयॉर्कचे बेकर जिम लाही यांच्या ब्रेडची कृती २००६ साली तिथल्या वर्तमानपत्रात आली, ती तर मुळी न मळण्याचीच होती: यीस्ट पाव चमचा, थांबायचं बारा ते अठरा तास. एकूण काय, फुगणं लगेच विकत मिळतं. चव हप्त्याहप्त्यानेच जमा होते.

'लवकर दुप्पट' हे शब्द वाचून मला खरं म्हणजे पहिल्याच दिवशी सावध व्हायला हवं होतं. बँकेत आम्हांला एक साधं गणित शिकवतात. ७२ ला व्याजाच्या दराने भागा, म्हणजे पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. आठ टक्के, तर नऊ वर्षं. त्याहून फार लवकर कोणी दुप्पट करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजावा आणि दारापर्यंत पोचवून यावं.

हे गणित आमच्या घरात जरा उशिरा आलं. १९९४ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सागाच्या झाडांच्या एका योजनेत चाळीस हजार रुपये गुंतवले. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं, त्यावर हिरवंगार रान होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'तीन वर्षांत दुप्पट.' अण्णा गणिताचे शिक्षक. चोवीस टक्के होतात, हे त्यांना तोंडी येत होतं. पण १९९७ साली माझी बारावी होती, मला इंजिनिअर करायचं होतं, आणि तीन वर्षं अगदी मापात बसत होती. माणूस गणितात चुकत नाही, गरजेत चुकतो. १९९७ साल आलं, बारावी आली, मार्कही बरे आले. साग तेवढा आला नाही. मी कॉमर्सला गेलो. पुढे बँकेत लागलो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते प्रमाणपत्र अजून लोखंडी कपाटात आहे, आणि 'दुप्पट' हा शब्द आमच्या घरात त्यानंतर कोणी उच्चारलेला नाही. पाढे म्हणतानासुद्धा माझी मुलगी आजोबांसमोर 'दोनपट' म्हणायची. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

तेव्हा झटपट पाककृतीवरचा माझा अभिप्राय असा: ती खोटी नाही. पीठ खरोखर फुगतं. पण ती कृती नव्हे, माहितीपत्रक आहे. मुदत ठसठशीत आणि बाकी सगळं बारीक अक्षरांत, किंवा मुळातच नाही. चांगल्या कृतीची खूण माझ्या मते एकच: ती तास सांगताना चाचरते. 'दुप्पट होईपर्यंत' एवढंच म्हणते, आणि दुप्पट झालं हे ओळखायचं कसं, ते शिकवते.

पुढल्या रविवारी दुसरा प्रयोग केला. अर्धा किलो मैदा, तीनशे मिलिलिटरला जरा कमी पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाव चमचा कोरडं यीस्ट. आपला ओव्हन मंद, भाजायला वेळ घेणार, बेस कडक होऊ नये म्हणून एक चमचा तेल. शनिवारी रात्री मळून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि बरणीला नोटांच्या बंडलाची दोन रबरं लावली: एक पिठाच्या पातळीला, दुसरं रात्रीच्या मूळ उंचीच्या बरोबर दुपटीला. पिझ्झा चांगला झाला, हे इथेच सांगून टाकतो. अकरा मिनिटांत काठ तांबूस झाला, आत जाळी पडली, आईने 'धिरड्याला अशी जाळी पडली पाहिजे' असा शेरा दिला आणि कन्येने पाव हा शब्द काढला नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

अण्णा पेपर घेऊन टेबलाशी आले. आता ऐंशी उलटलीय. त्यांनी चष्म्यातून बरणीकडे पाहिलं.

"हे काय रे?"

"पिझ्झ्याचं पीठ, अण्णा."

"आणि ही रबरं?"

मी जरा घुटमळलो. "खालच्यापासून वरच्या रबरापर्यंत यायला हवं. म्हणजे... दुप्पट."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वेळात म्हणतात?"

"वेळ सांगत नाहीत, अण्णा. होईल तेव्हा होईल म्हणतात."

"सांगत नाहीत ना?" अण्णांनी पेपर उघडला. "मग खरे असतील."

मी अंघोळीला गेलो, बाजारात जाऊन चीज आणि टोमॅटो घेऊन आलो. अण्णांचा पेपर पहिल्या पानावरच होता. ते बरणीकडे तोंड करून बसले होते. पूर्वी परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचे तसे. साडेअकराच्या सुमाराला मी आत कांदा चिरत असताना त्यांची हाक आली.

"अरे, ये इकडे. दुप्पट झालं."

त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.